बाईसाहेबांचं इंटीरिअर

सोलापूरकरांच्या शौकांना नावं ठेवायची म्हटली तर एक जन्म पुरायचा नाही. कबुतरांपायी गच्चीवर उन्हात करपलेली माणसं आपण पाहिलीत. खिलारी खोंडाला स्वतःच्या पोरापेक्षा जास्त दूध पाजणारेही पाहिलेत. मध्यंतरी तो टेंगूळवाला फ्लॉवरहॉर्न मासा घरोघरच्या दिवाणखान्यात मिरवून गेला. त्याचं टेंगूळ जेवढं मोठं तेवढी घरात बरकत, अशी समजूत होती. टेंगळं वाढली, बरकतीचं काही कानावर आलं नाही. त्यामुळं शहरात आता टॅरॅन्टुला पाळतात असं कळलं तेव्हा मी फारशी दचकले नाही. असेल बाई, म्हटलं. पंज्याएवढा केसाळ कोळी पाळायची हौस असेल तर पाळा. पण त्याच्या घराची सजावट! तीसुद्धा शंभर टक्के नैसर्गिक वस्तूंची, प्लास्टिकचं पान दिसलं तरी नाक मुरडायचं! इथं मात्र माझा धीर सुटला. ही गोष्ट चार लोकांत काढल्याशिवाय आता मला जेवण जायचं नाही.

नाव विचारू नका. जुळे सोलापूर, एवढंच सांगते. आमच्या भिशीतल्या एकीची थोरली बहीण, तिला आम्ही सगळ्याच अक्का म्हणतो. अक्काचा मुलगा पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरी बसून करतो आणि काम झालं की उकिडवा बसून काचेच्या पेटीत चिमट्यानं वाळकी पानं मांडतो. पेटी कुठं ठेवलीय म्हणाल? गौरी बसतात त्या कोपऱ्यात! अक्काचं म्हणणं, "तिथं ऊन येत नाही म्हणून ठेवलंय गं. गौरींच्या वेळी तीन दिवस हलवतो म्हणालाय." गौरी यायच्यात म्हणून कोळ्याला जागा रिकामी करायला सांगणारी माउली मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

आत राहतात त्या बाईसाहेबांचं माहेर दक्षिण अमेरिकेत, चिली देशाच्या कोरड्या झुडपी मुलखात. अंग तपकिरी, पाठीवर उजेड पडला की गुलाबी झाक. ह्या जातीची मादी वीस वर्षंसुद्धा काढते. नर वयात आला की थोड्याच काळात आटोपतो. म्हणून घरातले सगळे तिला 'ती' म्हणतात. मी बाईसाहेब म्हणते, कारण त्या घरात तेवढा मान बाकी कुणाला नाही.

तर सजावट. ह्या मंडळींचा दंडक असा की पेटीत जे जाईल ते निसर्गातलंच हवं. तळाला माती, मातीवर पाचोळा, एखादं वाकडंतिकडं लाकूड, झाडाची साल आणि लपायला अंधारी जागा. ऐकून मी म्हटलं, एवढंच ना? माती, पाला आणि काटक्या तर विजापूर रोडच्या कडेला ढिगानं पडलेल्या असतात. तर पोरगं माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागलं की मीच चुकीच्या घरात आलेय की काय! साल म्हणजे कुठलीही नाही, कॉर्कची पायजे. बाटलीच्या बुचाचं ते कॉर्क. ते ओकच्या एका जातीच्या झाडाचं, पोर्तुगालकडचं. झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर त्याची साल पहिल्यांदा सोलतात, आणि मग निदान नऊ वर्षं थांबून पुन्हा. वजनाला हलकी, कुजत नाही, बुरशी सहसा धरत नाही, म्हणून जगभरच्या कोळीवाल्यांचा तिच्यावर जीव. इकडं सोलापूरच्या बाभळी वर्षानुवर्षं उन्हात उभ्या आहेत, त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही आणि पोर्तुगालचं झाड नऊ वर्षांनी अंग सोलून देणार तेव्हा आमचं इंटीरिअर पुरं होणार!

सालीपाठोपाठ शेवाळ आलं. स्फॅग्नम नावाचं, वाळवून पाकिटात दाबलेलं. हे चिली नाहीतर न्यूझीलंडहून येतं. पोरगं खूश, म्हणे माहेरचंच आलंय. आता चिली हा देश केवढा लांबलचक! शेवाळ येतं दक्षिणेच्या ओल्या दलदलीतलं, आणि बाईसाहेब राहणाऱ्या कोरड्या भागातल्या. सोलापूरच्या माणसाला 'तुम्ही महाराष्ट्रातलेच ना' म्हणून आंबोलीच्या पावसात नेऊन बसवावं तशी गत. पोरानं शेवाळ अंथरलं, वर सकाळ-संध्याकाळ फवारा मारला. बाईसाहेबांनी पाय उचलले आणि काचेवर चढून बसल्या. ओल्या मातीला पाय लागू नये म्हणून टाचा उंचावून, अंग चोरून, दोन दिवस खाली उतरल्या नाहीत. अक्का म्हणते, "मला लई कीव आली बघ. पुसलेल्या फरशीवर मी बी अशीच चालते."

आणि फवारा कसल्या पाण्याचा? गाळलेल्या! आमच्याकडं नळाला पाणी येतं दिवसांआड. घरात पिंप, बादल्या, पातेली, जे सापडेल ते भरून ठेवायचं आणि भांडी धुतलेलं पाणी झाडांना घालायचं. अशा घरात कोळ्याच्या शेवाळावर फिल्टरचं पाणी! अक्काच्या सासूबाईंनी एकदा तो फवारा उचलून स्वतःच्या तोंडावर मारून घेतला. "उन्हाळा मलाबी हाय," एवढंच बोलल्या आणि खाली ठेवला.

शेवटी पैसे संपले म्हणा की अक्कानं दम दिला म्हणा, पोरगं देशी मालावर आलं. आणि खरी मजा इथून पुढं आहे.

पहिल्यांदा आली आपली काळी माती. वडिलांनी मोठ्या अभिमानानं शेतातून गोणीभर आणून दिली. ज्वारीला ती सोनं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमच्या इंजिनिअरला नव्हतं. पेटीत दाबून भरली, थोडं पाणी मारलं, आठवड्यात ती विटेसारखी कडक झाली, चारी बाजूंनी काचेपासून सुटली आणि मधोमध बोट जाईल एवढी चीर पडली. मातीत पोकळी करून राहणाऱ्या जीवाच्या डोक्यावर असलं छत कधी बसेल याचा नेम नाही. सगळी माती परत गोणीत. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. कोळ्यानं नाकारल्याचं दुःख नव्हतं त्यांना, वडिलोपार्जित जमीन नाकारल्याचं होतं. मग नर्सरीतून कोकोपीटची वीट आली. नारळाच्या काथ्याचा भुसा तो, पाण्यात टाकला की वीट फुगून बादली भरते. त्यात मुरमाड माती चाळून मिसळली, आणि वडिलांच्या समाधानासाठी चिमूटभर काळीही.

मग सासूबाई पुढं झाल्या. ज्वारीच्या कणगीत घालतो तसा कडुलिंबाचा पाला त्यांनी आणून दिला. "घाल आत, कीड लागत नाही." पोरगं जवळजवळ किंचाळलं, "आज्जी, आत कीडच ठेवलीय!" कडुलिंबानं किडे पळतात ही गोष्ट खरीच, आणि म्हणूनच तो पाला इथं वर्ज्य. फवारणी झालेल्या शेतातलं काहीच चालत नाही, चीडसारखं राळेचा वास मारणारं लाकूड चालत नाही, अणकुचीदार काटे-दगड चालत नाहीत. शेजारणीनं शेंगांची टरफलं सुचवली. चटणीच्या गावात टरफलांना काय तोटा! पण ओलीत त्यांना बुरशी धरते म्हणाला. टरफलांवरून महाराष्ट्रात एकदा वर्गात मोठा तंटा झालेला आहे, दुसरा नको म्हणून मी तो विषय तिथंच सोडला.

नान्नजच्या माळावरून गवत आणि काटक्या आणायचा बेत होता, असंही कानावर आलं. तिथं मात्र त्याच्या वडिलांनी कान धरला. ते माळढोकाचं अभयारण्य आहे, १९७९ सालापासूनचं. तिथली काडीसुद्धा उचलून आणता येत नाही. कोळ्याच्या हॉलमध्ये गवत शोभून दिसावं म्हणून पोलिसात जायचं का?

पण ज्यावरून घरात खरा भडका उडाला तो प्रसंग तव्याचा. बाहेरून आणलेली पानं तशीच आत टाकत नाहीत, त्यात बारीक किडे, त्यांची अंडी असतात. म्हणून ती उकळायची किंवा भाजायची. अक्का सकाळी स्वयंपाकघरात आली, तवा तापलेला दिसला, म्हटलं पोरगं शहाणं झालं. परात घेऊन पीठ मळायला बसली आणि तव्याकडं बघते तर पाला! देशी बदामाची मोठी तांबूस पानं, पिंपळाची जाळी पडलेली, वडाची जाड पानं. एकेक सुटं मांडलेलं, पोरगं चिमट्यानं उलटून दुसरी बाजू शेकतंय. खालची कड करपू नये म्हणून गॅस बारीक केलेला. घरात धुराचा असा वास की जणू होळीच पेटलीय.

"हे काय बे?"

"आई, दहा मिनिटं थांब. कडक व्हायला पायजेत."

"कडक भाकरी मला ठाऊक हाय. कडक पाला कधीपासून निघाला?"

त्याच आठवड्यात बाभळीची सालही कुकरला लागली. बाभळीच्या सालीवर पूर्वी कातडी कमवायचे, तिच्यात टॅनिन भरपूर. तीन शिट्ट्यांनी कुकर आतून असा तांबडा-काळा झाला की चिंच, राख, लिंबू, सगळं झालं तरी पुढचे कित्येक दिवस भात गुलाबीच निघायचा. पाहुण्यांना अक्कानं सांगितलं, तांदूळच तसला आहे. पाहुण्यांनी दुकानाचं नाव विचारलं.

हे सगळं कशासाठी? तर बाईसाहेबांना जंगलात असल्यासारखं वाटावं! मी विचारलं, तिला डोळे आहेत ना? आठ आहेत म्हणाला. आठ! म्हटलं, म्हणजे दुप्पट-चौपट बघत असेल. तर म्हणे, नाही, आठ असून नजर अगदी यथातथाच. उजेड-अंधार कळतो, बाकी सगळा कारभार पायांवरच्या केसांनी. जमिनीची थरथर, हवेची हालचाल त्यांनीच ओळखते. म्हणजे पोर्तुगालची साल, तव्यावरचा बदाम, कुकरमधली बाभूळ, यातलं काहीएक तिला दिसत नाही! मग हे इंटीरिअर कुणाच्या डोळ्यांसाठी? मोबाइलचा कॅमेरा लावून, मागं दिवा धरून, पानावर पाण्याचा एक थेंब सोडून फोटो काढणाऱ्याच्या, दुसऱ्या कुणाच्या?

आणि बाईसाहेब काय करतात ते ऐका. पोरानं एके संध्याकाळी सगळं रचलं. कोपऱ्यात साल तिरकी रोवलेली, तिच्याखाली गुहा, समोर पानांचा गालिचा, पाण्याची उथळ वाटी गोट्यांत अर्धी पुरलेली. आम्ही सगळ्या बघायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू, छान दिसत होतं. सकाळी पेटीत भूकंप! वाटी मातीनं काठोकाठ भरलेली. गालिचा एका बाजूला लोटलेला. गुहेतली माती पुढच्या पायांनी आणि तोंडाजवळच्या त्या दोन आखूड पायांनी उचलून-उचलून दारात ढीग घातलेला, आणि ह्या सगळ्यावर रेशमाचा पांढुरका पातळ थर, पोटाच्या टोकाकडून काढलेला. गुहेत बाईसाहेब नाहीतच. पोरानं कोपऱ्यात तात्पुरती टेकवलेली नारळाची अर्धी करवंटी, सिद्धेश्वराला फोडलेल्या नारळाची, तिच्याखाली जाऊन बसल्या होत्या. भाडं नाही, पागडी नाही, डेकोरेटर नाही.

पोरगं हिरमुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडलं, पुन्हा उधळलं. पावडर फासून नटवलेल्या नवरीनं मंडपात उभ्या-उभ्या गजरे काढून फेकावेत आणि करवल्यांनी ते पुन्हा माळावेत, असा हा खेळ कितीतरी रात्री चालला. शेवटी तिनं जे केलं तेच आता 'डिझाइन' म्हणून दाखवलं जातं.

तिच्याबरोबर घरानंही काय काय सोसलं! डासांची कॉइल बंद, प्लगमधलं औषध बंद, कारण त्या औषधांनी डास जातो तसा कोळीही जातो. घरातली माणसं रात्रभर टाळ्या पिटतात. झुरळांचा खडू फेकून दिला, उलट झुरळं डब्यात पाळली, तिच्या जेवणासाठी! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला तेव्हा कूलर तिच्या खोलीत आणि सासूबाई व्हरांड्यात वारा घेत. आता पेटीतली घाण साफ करायला पांढरे, टाचणीच्या टोकाएवढे उड्या मारणारे किडे सोडायचे म्हणतो, शिवाय कुंडीखाली असतात ते हात लावला की गोळी होणारे. म्हणजे कोळी, कोळ्याला खायला किडे, आणि त्यांचं उष्टं आवरायला आणखी किडे. दिवाळीत जळमटं काढायला केरसुणी घेऊन शिडीवर चढलेल्या अक्काला तो म्हणाला, "आई, त्या कोपऱ्यातला राहू दे." केरसुणी कुणाच्या दिशेनं गेली ते सांगत नाही.

एवढ्यात भर म्हणजे ती जेवत नाही. ही जात त्याबद्दल बदनामच आहे, महिनोन्महिने तोंडाला काही लावत नाही आणि तरी ठणठणीत राहते. आषाढात खाणं सोडलं ते कार्तिकी झाली तरी उपास चालूच. सासूबाईंना आता तिच्याबद्दल आदर वाटतो. मग एके दिवशी बाईसाहेब उताण्या! आठी पाय वर, हालचाल नाही. अक्कानं देवाजवळ दिवा लावला आणि मग तिच्या मनात आलं की हा दिवा नक्की कशाबद्दल. पोरगं मात्र कुजबुजत घरभर फिरत होतं, "आवाज नको, कात टाकतीय." पाठीवर पडूनच ती कात टाकते. काही तासांनी जुन्या कातड्यातून ओली, मऊ, नवी कोरी होऊन निघाली. जुनी कात त्यानं पायांसकट पसरून वाळवली आणि चौकटीत घालून भिंतीवर लावली. आजोबांच्या फोटोशेजारी.

हे वेड आलं कुठून म्हणाल, तर मला वाटतं दोष आपलाच. दिवाळीला अंगणात किल्ला करताना चिखलावर हळीव पेरून दोन दिवसांत डोंगर हिरवा करायचा हे कुणी शिकवलं? ह्याच पोराचे हात त्यात मुरलेले. पुढं २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखराला वाळकी पानं, काथ्या, गोणपाट, कणसं लावायची चढाओढ सुरू झाली. वाळक्या पानांना बक्षीस देणाऱ्या परीक्षकांनी तेव्हा विचार करायला हवा होता.

तशी ही काचेची पेटीही जुनीच. १८२९ साली लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरानं बंद बाटलीत ओल्या मातीत पतंगाचा कोष ठेवला. पतंगाचं राहिलं बाजूला, मातीत नेचं उगवलं आणि झाकलेल्या काचेत टवटवीत राहिलं. मग काय, इंग्रजांच्या दिवाणखान्यात काचपेट्या आणि त्यात नेचे लावायचं असं खूळ शिरलं की १८५५ साली चार्ल्स किंग्जली या लेखकानं त्या रोगाला स्वतंत्र नावच दिलं. पोरीबाळी रानोमाळ नेचे ओरबाडत हिंडायच्या. तरी पेटीला एकदम शिव्या नकोत. रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणली ती वॉर्डच्याच पेट्यांतून. भिशीत हे मी सांगितलं तेव्हा सगळ्यांनी आपापल्या कपाकडं बघितलं आणि दोन मिनिटं कुणी पेटीबद्दल वाईट बोललं नाही.

आता कागदपत्रांची चौकशी मी केली नाही असं समजू नका. पोरगं फाइल दाखवतं, कुणीही न मागता. आणि दाखवावीच. जुलै २०२१ मध्ये चेन्नई विमानतळावर पोलंडहून आलेलं एक पार्सल कस्टमनं उघडलं, तर आत चंदेरी कागदात, कापसात गुंडाळलेल्या १०७ कुप्या आणि प्रत्येकीत जिवंत कोळी! बिऱ्हाड आलं तसं पोलंडला परत धाडलं. मेक्सिकोची ती लाल गुडघ्यांची प्रसिद्ध जात तर १९८५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहे. आपल्याकडं २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, आणि त्या यादीतले परदेशी जीव घरात असतील तर सरकारदरबारी नोंद करायची, असे नियम २०२४ साली आले. म्हणजे कोळ्याला आता आधार कार्डच म्हणा ना.

पण सगळ्यात मोठी भानगड आपल्याच रेल्वे लाइनीवरची आहे. सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल आणि मग गुत्ती. १८७१ साली मुंबईकडचे आणि मद्रासकडचे रूळ रायचूरला जुळले, तोच हा मार्ग. मेलमध्ये बसलं की गुत्ती येतं. त्या गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूड वखारीत एक टॅरॅन्टुला सापडला, आणि पोकॉक नावाच्या शास्त्रज्ञानं १८९९ साली त्याचं वर्णन छापलं. रंग निळा! मोरपिसासारखा झगझगीत निळा, आणि तोही रंगद्रव्याचा नव्हे, केसांच्या अतिसूक्ष्म रचनेतून उजेड फुटून दिसणारा. त्यानंतर शंभर वर्षं पत्ता नाही. लाकडाबरोबर आला असणार, रेल्वेनं. २००१ साली तो नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात जुन्या झाडांच्या ढोल्यांत सापडला. जंगल तुटत चाललेलं, राहायला जागा एवढीशी, म्हणून २००८ साली त्याला नामशेष व्हायच्या काठावरच्या यादीत घातलं. आणि तिकडं युरोप-अमेरिकेत हाच निळा कोळी काचेच्या पेट्यांतून वाढवतात, विकतात, कॉर्कच्या नळकांड्यात सजवतात. त्याच्या साऱ्या भाऊबंदांसकट तो २०१९ साली व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आला. आमच्या बाभळीला कुणी विचारत नाही आणि आमच्या लाइनीवरच्या कोळ्याला परदेशात फ्लॅट! गंमत बाजूला ठेवून एकच सांगते. रानातली जुनी ढोली फोडून असला जीव उचलून आणणारा कुणी भेटला तर त्याच्या सजावटीचं कौतुक करू नका, सरळ वन खात्याला फोन करा. हे कोळी चावले तर स्नायूंत असे गोळे येतात की कित्येक दिवस माणूस विसरत नाही, हेही त्याला सांगा. चिलीवालीचा चावा त्या मानानं सौम्य. ती चिडली की मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवते. काच पुसताना अक्काच्या मनगटाला लागले, तर दोन दिवस खाज.

भिशीत हे सगळं रंगात आलेलं असताना आमच्यातल्या सगळ्यात वडील अव्वा तोंड उघडून बोलल्या. अव्वा पूर्व भागातल्या, पद्मशाली घरातल्या, उभा जन्म मागाच्या खडखडाटात गेलेला. म्हणाल्या, "श्रीकाळहस्तीला गेलात का कधी कुणी?" तिरुपतीला गेलेल्या निम्म्या जणी जाऊन आल्या होत्या. "तिथं शिवाची पूजा कुणी केली? कोळ्यानं, सापानं, हत्तीनं. हत्तीनं पाणी घातलं, सापानं मणी वाहिला. कोळ्याकडं काय होतं? त्यानं पोटातला धागा काढून देवावर छत विणलं. तेवढ्यावर मोक्ष मिळाला त्याला." मग पुडीतली सुपारी तोंडात टाकून पुढं, "त्याला डेकोरेशन शिकवायला निघालाय होय पोरगा?" ह्यावर कुणाला काही सुचेना. खोकून चहा मागवला.

आता शेवटची बातमी, आणि ही अगदी ताजी. परवा त्या पोराला बघायला मुलीकडचे आले. अक्कानं सकाळपासून घर झाडलं, पोहे केले, शेंगाचटणीची बरणी काढून ठेवली, आणि पेटीवर घरातली सगळ्यात चांगली चादर टाकली, वाघाच्या चित्राची. वाघाकडं बघून पाहुणे खाली काय आहे ते विचारणार नाहीत असा तिचा हिशेब. मुलगी येऊन बसली, पोह्यांची बशी हातात घेतली, नजर कोपऱ्यात. "चादरीखाली टँक आहे का?" अक्काचा घास घशात. पोरानं चादर उचलली. मुलीचे वडील सोफ्याच्या पाठीवर गेले, आई 'अगंबाई' म्हणून दारात.

मुलगी वाकली. काचेवर बोट ठेवून मातीपासून वरच्या झाकणापर्यंत वीतभर मोजलं. "उंची जास्त झालीय," म्हणाली. "ही जमिनीवरची आहे. काचेवर चढून एवढ्यावरून पडली तर पोट फुटेल. पायांच्या पसाऱ्याच्या दीडपट पुरे. माती वाढवा." मग करवंटी बघून, "कॉर्कपेक्षा हे बरं." आणि पोहे खाल्ले.

पोरगं तेव्हापासून जमिनीवर नाही. अक्का जोतिष्याकडं जाऊन आली. पत्रिका जुळते म्हणे, वडिलांची अट एकच, हुंड्यात काही घ्यायचं-द्यायचं नाही, आणि तीही दोन्ही बाजूंना मान्य. मुलीच्या घरीही दोन पेट्या आहेत, असं तिच्या आईच्या तोंडून निसटलं. कुठल्या रंगाच्या, ते मी विचारलं नाही. निळ्या निघाल्या असत्या तर मलाच फोन करावा लागला असता, आणि स्थळ मोडल्याचं खापर सगळ्या भिशीवर फुटलं असतं.